गळाची दोरी

मासे धरण्याची विद्या शेतीहूनही जुनी आहे. तिचा इतिहास सांगतांना होडीचें वर्णन येतें, जाळ्याचें येतें, गळाचेंही येतें. परंतु गळ ज्या दोरीला बांधावयाचा व जाळें ज्या सुतानें विणावयाचें, त्या सुताची हकीकत सहसा कोणी सांगत बसत नाहीं. वास्तविक होडीला भोंक पडलें तर तें बुजवितां येतें, गळ वाकला तर तो सरळ करितां येतो. पण दोरी ऐन वेळीं तुटली म्हणजे मासाही जातो, गळही जातो आणि दिवसभराची मेहनतही पाण्यांत जाते. म्हणून दोरी कोणती घ्यावी, हा प्रश्न मासेमाऱ्याला सर्वांत आधीं सोडवावा लागतो. शहरांतील सुखवस्तु गृहस्थाला तो किरकोळ वाटेल. तथापि एका दोरीच्या जागीं दुसरी दोरी आली, एवढ्याशा गोष्टीनें मुंबईच्या वेशीवरील कोळीवाड्यांचा संसार कसा पालटला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तो प्रश्न किरकोळ नव्हे अशी खात्री पटते.

भाईंदर स्टेशनावर उतरून पश्चिमेच्या रस्त्यानें निघालें म्हणजे मुर्धें, राई, मोरवें हीं गांवें आणि त्यांची मिठागरें मागें पडतात, डोंगरीचा चढ लागतो, आणि पलीकडे उत्तन, पाली व चौक येथील कोळीवाड्यांचा किनारा दिसूं लागतो. साष्टीच्या वायव्य टोंकाचा हा भाग इतिहासांत धारावी बेट या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याच्या उत्तरेस वसईची खाडी व पश्चिमेस अरबी समुद्र. खाडीच्या पैलतीरीं वसईचा किल्ला. १५३४ पासून सुमारें दोनशें वर्षें या मुलखावर पोर्तुगिजांचा अंमल होता; तो चिमाजीआप्पांनीं १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत उठविला. त्या अमदानींत येथील बऱ्याच कोळी कुटुंबांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण देवालय बदललें तरी धंदा बदलला नाहीं. पुढें मिरा-भाईंदरची १९८५ सालीं नगरपरिषद झाली आणि २००२ सालीं महानगरपालिका झाली. रेल्वेच्या बाजूला उंच इमारतींची दाटी वाढली. किनाऱ्याच्या बाजूला मात्र हंगामांत बोंबील अद्याप वलांडीवर वाळतांना दिसतात.

या किनाऱ्याचें मुख्य जाळें म्हणजे डोल. ही एक प्रचंड पिशवी असते. तिचें तोंड रुंद व आंस मोठे. मागें मागें ती निमुळती होत जाते व आंसही बारीक होत जातात. मोठ्या डोलीची लांबी शंभर फुटांहून अधिक भरते. समुद्राच्या तळांत खुंट ठोकून तिला प्रवाहाच्या तोंडीं बांधून ठेवितात. मग कोळ्यानें माशामागें धांवावयाचें नाहीं. भरती-ओहोटीच्या ओढीनें बोंबील, मांदेली, जवळा आपण होऊन पिशवींत येतात. याखेरीज हातदोरीनें मासा धरण्याची रीतही जुनीच आहे. दोरीच्या टोंकास शिशाचें वजन व गळ बांधून, गळास आमिष लावून ती सोडावयाची आणि बोटाला ओढ लागली कीं वर काढावयाची. घोळ, शिंगाळा, वाम, जिताडा अशा मोठ्या मासळीला ही रीत उपयोगी पडते. डोलीला प्रवाहाचा ताण सोसावयाचा असतो, हातदोरीला माशाचा हिसका सोसावयाचा असतो. दोहींचा भरंवसा अखेर सुतावर.

हा विचार आपल्याकडे फार पूर्वीं झालेला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें शके १०५१ म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ रचिला. त्यांत राजाच्या करमणुकींचें वर्णन करितांना मत्स्यविनोद म्हणून एक स्वतंत्र प्रकरण घातलें आहे. कोणता मासा कोठें राहतो, त्याला कोणतें आमिष आवडतें, गळ कसा टाकावा, याचा ऊहापोह त्यांत केलेला आहे. इंग्लंडांत आयझॅक वॉल्टन यानें गळाच्या छंदावर आपला प्रख्यात ग्रंथ १६५३ सालीं छापला. त्याच्या पांचशें वर्षें आधीं दक्षिणेंतल्या एका राजाला हा विषय लेखणी उचलण्याजोगा वाटला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

राजाची करमणूक वेगळी आणि कोळ्याचें पोट वेगळें. परंतु दोघांनाही दोरीसाठीं रानाकडे व शेताकडेच पाहावें लागे. रुईच्या झाडाच्या सालींतून निघणारा तंतु रेशमासारखा चकचकीत व फार चिवट असतो. भारतांत गळाच्या दोऱ्यांसाठीं व धनुष्याच्या दोरीसाठीं तो पूर्वापार वापरीत आले. जाड दोरखंडाला नारळाचा काथ्या, कारण खारें पाणी त्याला लवकर बाधत नाहीं. बारीक जाळ्यांना कापसाचें सूत. आणि डोलीसारख्या बळकट जाळ्याला ताग. हा ताग म्हणजे बंगालचा पोत्यांचा ज्यूट नव्हे. पिवळ्या फुलांचें, शेतांत हिरवळीच्या खतासाठींही पेरतात तें झाड. तें कापून पाण्यांत कुजत घालावयाचें, झोडून वाख वेगळा काढावयाचा, धुऊन वाळवावयाचा आणि मग त्याचें सूत काढावयाचें, असा त्याचा क्रम असतो.

येथून कोळ्याच्या घरचें काम सुरू होई. वाख विंचरून चातीवर धागा काढावयाचा, दोन वा तीन पेड एकत्र पिळावयाचे आणि लांकडी सुईनें आंस विणावयाचे, हें काम बाजारांत विकत मिळणारें नव्हे. ज्यांचे हात वल्ह्याला चालेनासे झाले अशा म्हाताऱ्या माणसांना यांत मान होता. बायकांचाही यांत वाटा असे. पिळाचें एक शास्त्र आहे. पेडाला ज्या दिशेनें पीळ द्यावयाचा, त्याच्या उलट दिशेनें ते पेड एकमेकांभोंवतीं पिळावयाचे. म्हणजे एक पीळ उलगडूं पाहतो त्याला दुसरा धरून ठेवितो. पीळ कमी पडला तर दोरी फुसकी होते. अधिक झाला तर तिला आढे पडतात व आढ्यापाशीं ती तुटते. हें मोजण्याचें यंत्र म्हणजे म्हाताऱ्याचा अंगठा. पावसाळ्यांत समुद्र खवळला म्हणजे होड्या ओढून ठेवीत, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत घरोघरीं जाळ्यांची डागडुजी चाले.

तागाला व कापसाला एक गुण असा कीं ओलें झाल्यानें त्यांचें बळ कमी न होतां उलट थोडें वाढतें. परंतु त्यांचा एक अवगुण सर्व गुणांना पुरून उरे. तो म्हणजे कुजणें. वनस्पतीचा तंतु हें जंतूंचें अन्न आहे. जाळें ओलें राहिलें, त्यांत मासळीचा चिकटा राहिला, कीं जंतु तें खाण्यास आरंभ करीत, आणि वरून धडधाकट दिसणारें सूत पुढच्या उधाणांत कागदासारखें फाटे. म्हणून प्रत्येक खेपेनंतर जाळें धुऊन उन्हांत पसरावयाचें, आणि ठराविक दिवसांनीं त्याला सालीचा काढा पाजावयाचा. मोठ्या हंड्यांत ऐनासारख्या झाडाची साल उकळून त्या तांबूस-काळ्या पाण्यांत जाळें बुडवून ठेवीत. सालींतला तुरट अंश तंतूंत मुरला म्हणजे जंतूंचें त्यापुढें फारसें चालत नसे. चामडें कमावण्याचें तत्त्व तेंच आहे. कोळी जाळें कमावीत असे इतकेंच.

या तुरट पदार्थांत खैराचा कात फार मोलाचा. विड्याला लागणारा हाच कात एके काळीं ब्रह्मदेश व हिंदुस्थान येथून जहाजें भरून विलायतेस जाई, आणि उत्तर समुद्रांतील हेरिंग मासळीचे कोळी आपलीं जाळीं व शिडें त्यांत रंगवीत. तिकडच्या जुन्या चित्रांत शिडांना जो तांबूस रंग दिसतो तो बहुधा याच कमावणीचा. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांच्या रानांत खैराचें लांकूड उकळून कात काढणारे ते काथोडी किंवा कातकरी. त्यांच्या जातीचें नांवच या धंद्यावरून पडलें. स्कॉटलंडचा मच्छीमार, रानांतला कातकरी आणि उत्तनचा कोळी यांनीं एकमेकांचें तोंड पाहिलें नाहीं. पण कुजणाऱ्या सुताविरुद्ध तिघांचाही शत्रु एकच होता आणि औषधही जवळजवळ एकच होतें.

युरोपांत गोड्या पाण्यांतील मासे छंद म्हणून धरणारे लोक घोड्याच्या शेंपटीचे केस पिळून दोरी करीत. वॉल्टनच्या काळीं हीच रीत होती. पुढें रेशमी दोऱ्या आल्या, आणि गळाजवळच्या टोंकासाठीं रेशमाच्या किड्याच्या पोटांतील रेशमाची ग्रंथि ताणून केलेली पारदर्शक तार वापरूं लागले. स्पेनांतील मुर्सिया प्रांत त्या तारेसाठीं प्रसिद्ध होता. ती तार वाळली म्हणजे ठिसूळ होई, म्हणून वापरण्यापूर्वीं भिजवावी लागे. आणि रेशमी दोरी प्रत्येक वेळीं रिळावरून उलगडून वाळवावी लागे. सारांश, पूर्वेस काय किंवा पश्चिमेस काय, दोरी म्हणजे जिवंत वस्तूचा अंश होता, आणि जिवंत वस्तूप्रमाणेंच तिची निगा राखावी लागत असे.

ही स्थिति अमेरिकेंतील एका प्रयोगशाळेनें बदलली. ड्यू पाँट कंपनींतील वॉलेस कॅरदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या देखरेखीखालीं १९३५ सालीं एक कृत्रिम तंतु तयार झाला. कंपनीनें १९३८ सालीं नायलॉन या नांवानें तो जाहीर केला. कॅरदर्स तत्पूर्वींच, १९३७ सालीं, वारला. आपला तंतु बाजारांत गेलेला त्यानें पाहिला नाहीं. त्याच वर्षीं, १९३८ सालीं, जर्मनींत पॉल श्लाक यानें निराळ्या कृतीनें नायलॉनचाच दुसरा प्रकार सिद्ध केला. नायलॉन प्रथम दांतांच्या कुंचल्यांत आला, मग गळाच्या दोरींत व बायकांच्या पायमोजांत. इतक्यांत महायुद्ध लागलें आणि तें सारें हवाई छत्र्या व दोरखंड यांकडे वळलें. युद्ध संपल्यावर तें पुन्हां मच्छीमाराकडे आलें.

मुंबईच्या किनाऱ्यावर तें १९५० नंतरच्या दोन दशकांत पसरलें. मच्छीमारीच्या साधनांचा अभ्यास करणारी केंद्रीय संस्था कोचीन येथें १९५७ सालीं निघाली व तेथें या नव्या सुतांच्या कसोट्या होऊं लागल्या. पुढें १९७६ सालीं पुण्याला गरवारे वॉल रोप्स ही कंपनी स्थापन झाली, आणि जाळ्यांचें व दोरखंडांचें कृत्रिम सूत महाराष्ट्रांतच तयार होऊं लागलें. बारीक जाळ्यांना पिळाचें नायलॉन, जाड जाळ्यांना व दोरांना पॉलिएथिलीन, आणि गळाला एकसंध पारदर्शक तार, अशी वांटणी झाली. या तारेला आपल्याकडे तंगूस म्हणतात. अंगठ्यानें पीळ पारखण्याचे दिवस गेले व आंकड्यांचे आले. सुतावर २१०/२/३ असें लिहिलेलें असतें. त्याचा अर्थ, मूळ धाग्याच्या ९००० मीटरांचें वजन २१० ग्रॅम. असे २ धागे एका पेडांत आणि असे ३ पेड एका सुतांत. नव्या सुताच्या नव्या खोडीही कळल्या. तें गुळगुळीत असल्यामुळें जुनी एकेरी गांठ सरकूं लागली. तेव्हां गांठ दुहेरी मारावी लागली, किंवा विणलेलें जाळें उष्णतेनें पक्कें करून घ्यावें लागलें.

तरीही एक दोरी सर्वांना सारखीच लागू पडते असें नाहीं. कोणती निवडावी हें पाणी सांगतें. याचें अगदीं दुसऱ्या टोंकाचें उदाहरण घ्यावयाचें तर फिनलंड, कॅनडा किंवा अमेरिकेंतील मिनेसोटा येथील हिंवाळ्याकडे पाहावें. तेथें तळीं गोठून त्यांवर बर्फाचा जाड थर बसतो. लोक त्या थराला भोंक पाडतात व त्यावर बसून हातभर काठी आणि चिमुकलें रीळ घेऊन गळ सोडतात. या खेळांत दोरीची परीक्षा फार कडक होते. नायलॉन पाण्यांत राहिलें म्हणजे आपल्या वजनाच्या आठ-नऊ टक्के पाणी शोषून घेतें, आणि त्यामुळें त्याचें बळ थोडें घटतें. थंडींत तें ताठरतें व लहानशा रिळाचीं वेटोळीं विसरत नाहीं. मग हलका गळ पाण्यांत गरगर फिरत राहतो आणि मासा बिचकतो. अनेक तंतूंची वेणी घातलेली नवी पॉलिएथिलीन दोरी ताठरत नाहीं व बारीक असूनही अतिशय बळकट असते; परंतु वेणीच्या फटींत पाणी अडकतें आणि वर येतांच त्याचा बर्फ होतो. म्हणून पुष्कळ लोक शेवटचा हात-दोन हात भाग फ्लुओरोकार्बन नांवाच्या तारेचा ठेवितात. जपानांत १९७० नंतर प्रचारांत आलेली ही तार पाणी शोषीत नाहीं, आपल्या वजनानें बुडते, आणि प्रकाश वांकविण्याच्या तिच्या गुणाचा आंकडा सुमारें १.४२ आहे, पाण्याचा १.३३ व नायलॉनचा १.५३ च्या आसपास. पाण्याच्या आंकड्याशीं जितकी जवळीक अधिक, तितकी तार कमी दिसते. बर्फाखालच्या नितळ पाण्यांत या अदृश्यतेचें मोल मोठें.

उत्तनच्या कोळ्याला यांतील कोणत्या गुणाचा उपयोग? वसईच्या खाडीचें पाणी गढूळ. भरतीबरोबर चिखल वर येतो, त्यांत तार दिसली काय आणि न दिसली काय, सारखेंच. बर्फाचें भय नाहीं. भय आहे तें खडकाच्या धारेचें, प्रवाहाच्या ओढीचें आणि उन्हाचें, कारण ऊन नायलॉनला हळूहळू ठिसूळ करितें. म्हणून तेथें जाड व खरखर सोसणारी तंगूसच बरी, आणि ती वेळोवेळीं बदलणें बरें. मोठा घोळ हिसका देतो तेव्हां नायलॉन किंचित ताणतें व हिसका पचवितें. तोच गुण वेणीच्या दोरींत नाहीं. शेजारच्याच्या हातीं भारी दोरी पाहून आपण तीच घ्यावी, हा निवडीचा मार्ग नव्हे. दोरी महाग कीं स्वस्त, नवी कीं जुनी, हे प्रश्न मागाहूनचे; ती कोणत्या पाण्यांत बुडणार आहे, हा प्रश्न पहिला.

कृत्रिम सुतानें कोळीवाड्याला दिलेलें सुख लहान नाहीं. जाळें हलकें झालें. सालीच्या हंड्याखालचा जाळ विझला. प्रत्येक खेपेनंतर मणामणाचीं ओलीं जाळीं वाहून नेऊन वाळत घालण्याची मेहनत वाचली. या मेहनतीनें ज्यांच्या पाठी वाकल्या त्यांच्या नातवंडांना जुन्या सुताचें प्रेम शिकवूं जाणें हा अन्याय होईल. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही आहे. पूर्वीं सुताची किंमत मुख्यतः श्रमांत दिली जात असे; आतां ती रोकड पैशांत द्यावी लागते, आणि रोकड नसेल तेव्हां उधारींत. पूर्वीं म्हाताऱ्याच्या अंगठ्याला घरांत जागा होती. आतां त्याला ओट्यावर बसून फाटलेले आंस सांधण्यापुरतेंच काम उरलें.

याहून मोठी गोष्ट समुद्राच्या तळाशीं घडते. तागाचें जाळें वादळांत हरवलें तर कोळ्याची हानि होत असे, समुद्राची होत नसे. कांहीं महिन्यांत जंतु त्याला खाऊन टाकीत. ज्या कुजण्याविरुद्ध ऐनाची साल व खैराचा कात शतकानुशतकें लढले, तेंच कुजणें समुद्राला साफ ठेवीत होतें. नायलॉनचें जाळें हरवलें तर तें कुजत नाहीं. तें खडकाला अडकून राहतें व धन्यावांचून मासे धरीत राहतें. त्यांत अडकलेले मासे मरतात, त्यांना खावयास आलेले दुसरे अडकतात, कांसवेंही अडकतात. तुटलेली तंगूस पक्ष्यांच्या पायांभोंवतीं गुंडाळते. उन्हानें व लाटांनीं तिचे तुकडे होतात, पण तुकडे नाहींसे होत नाहींत. आज डोल वर ओढली कीं बोंबिलाबरोबर प्लॅस्टिकचा कचराही वर येतो. त्यांतला मोठा वाटा शहराचा आहे, पण थोडा जाळ्यांचाही आहे. जी पिशवी कोळ्याचें पोट भरावयाची, तींत त्याच्या मासळीच्या नाशाचें साहित्यही येऊन पडतें.

यावर उपाय म्हणून जगांत कांहीं ठिकाणीं ठराविक काळानें विरघळणाऱ्या तंतूंचे प्रयोग चालले आहेत. जुनीं जाळीं परत घेऊन तीं वितळवून त्यांचें नवें सूत करण्याचे कारखानेही निघाले आहेत. हे प्रयत्न वाढतील तेव्हां वाढोत. दरम्यान साधी गोष्ट प्रत्येकाला करतां येण्यासारखी आहे. रविवारीं छंद म्हणून भाईंदरच्या किंवा वसईच्या खाडीकांठीं गळ घेऊन बसणाऱ्या गृहस्थानें तुटलेली तंगूस पाण्यांत वा खडकांत टाकून न देतां गुंडाळून घरीं आणावी व तिचे बारीक तुकडे करून कचऱ्याच्या डब्यांत टाकावे. फाटक्या जाळ्यांसाठीं बंदरावर वेगळी जागा असावी, आणि ती नगराच्या खर्चानें असावी. कारण किनाऱ्याची मासळी नगरच खातें.

आठशें-नऊशें वर्षांपूर्वींच्या राजापासून आजच्या कोळ्यापर्यंत दोरीची परीक्षा एकाच प्रश्नानें होत आली: ही तुटेल काय? न तुटणारी दोरी मनुष्याला अखेर सांपडली. आतां त्या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडावयास हवा: ही हरवली तर पुढें तिचें काय होईल? ज्या दिवशीं दोरी घेणारा हे दोन्ही प्रश्न दुकानदारास विचारील, त्या दिवशीं तागाच्या सुतापासून सुरू झालेली ही निवड शहाणपणानें पुरी झाली असें म्हणतां येईल. तोंवर ऐनाच्या सालीचा तो काळसर हंडा कोळीवाड्यानें विसरूं नये. त्यांत जाळें टिकविण्याची चिंता उकळत होती. समुद्र टिकविण्याची चिंता मात्र, कोणाच्याही ध्यानींमनीं नसतां, तें कुजणारें सूतच वाहत होतें.